बाबांच्या दोनशे बारा डिस्क

मी ब्रिटा कोस्की, वय चोवीस, राहणार डुलुथ, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या किचनमध्ये बसून लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही, आणि सकाळपासून कॉफीशिवाय काही प्यायलेले नाही. हे माझं पहिलंच मृत्युपत्र, त्यामुळे आधीचं रद्द करायचा प्रश्न नाही.

चोविसाव्या वर्षी हे कशाला, असं माझ्या मोठ्या भावाने, ट्रॉयने, विचारलंच. कारण परवा मी ‘एडना कार्व्हर’ या लोहखनिज वाहणाऱ्या बोटीवर स्वयंपाक्याची मदतनीस म्हणून चढतेय. माझे बाबा, आर्विड कोस्की, अशाच बोटींवर सव्वीस वर्षं स्वयंपाकी होते. त्यांचे बोटीवरचे जुने सोबती वेंडेलकाका मला म्हणाले, “पहिल्या फेरीआधी कागद करून ठेव, पोरी. सुपीरियर सरोवर नोव्हेंबरच्या वादळांत कुणाचं वय विचारत नाही.”

१. बँकेत जे निघेल ते ट्रॉयला. घरातला माझा अर्धा हिस्साही त्यालाच.

२. बाबांचे सुरे, धारेच्या दगडासकट, माझ्यानंतर ‘एडना’च्या किचनमध्ये जो कोणी येईल त्याला. ट्रॉयला नाही. त्याने मोठा सुरा रंगाचा डबा उघडायला वापरला होता. मी विसरलेले नाही.

३. ऑनलाइन विकत घेतलेले सिनेमे. यातलं मी कुणालाच काही देऊ शकत नाही. का, ते नीट लिहिते, कारण चूक माझी आहे.

मी अठराची होते आणि मला सगळं नवीन ते भारी वाटायचं. त्या ख्रिसमसला मी बाबांना एक अकाउंट उघडून दिलं आणि उन्हाळ्यातल्या नोकरीच्या पैशांतून त्यांचे आवडते सिनेमे त्यात भरले. म्हटलं, “बाबा, आता बोटीवर डिस्कची खोकी वाहायला नकोत.” एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी त्यांच्या डिस्क काढून एका चेनवाल्या अल्बममध्ये घातल्या आणि डबे कव्हरसकट रद्दीच्या गाडीत टाकायला सुरुवात केली. न विचारता. ते घरी आले तेव्हा एक्केचाळीस उरले होते.

बोटींवर एक पद्धत आहे. सिनेमा बघितला की कव्हरच्या आतल्या बाजूला आपलं नाव, बोट आणि बंदर लिहायचं, आणि पुढच्या बंदरात तो दुसऱ्या बोटीला द्यायचा. एकेक डिस्क वर्षानुवर्षं सरोवरांवर फिरून परत बाबांकडे यायची. त्या नावांतली निम्मी माणसं आता नाहीत. मला हे माहीत होतं. मला वाटलं, कागदच तर आहेत.

बाबांनी अल्बम चाळला. “बरं केलंस, जागा झाली,” म्हणाले, आणि फावडं घेऊन अंगणातला बर्फ काढायला गेले. तो मी सकाळीच काढला होता.

भर सरोवरात नेटवर्क येत नाही. पुढच्या हंगामात बोटीवरच्या पहिल्या शनिवारी, स्टेक खाऊन सगळे पडद्यासमोर बसले आणि नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. वेंडेलकाका सांगतात, सगळे चिडवत होते, “कोस्की, सिनेमा चांगलाय, पण हीरो फारच फिरतो.” बाबा हसले. ही कल्पना माझी, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. ट्रॉयने त्यांचा फोन बंद केला. अकाउंट उघडायचा कोड त्याच नंबरवर येतो. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की खरेदी खातेदाराची आहे, वारसांना मिळत नाही. आम्ही सिनेमे घेतलेच नव्हते, फक्त बघायची परवानगी घेतली होती. ट्रॉयचा यात दोष नाही. मी त्याला खूप बोलले, ते शब्द इथे मागे घेते.

४. बाबांच्या डिस्क. एकूण दोनशे बारा, त्यांतल्या एक्केचाळीस कव्हरसकट. <s>या सगळ्या बंदरावरच्या खलाशी वाचनालयाला द्याव्यात. काचेच्या कपाटात, कुलपात ठेवाव्यात. एकही बाहेर देऊ नये.</s>

वरचा मजकूर मी खोडला आहे. त्याचं कारण असं. मी हे कलम ट्रॉयला आणि वेंडेलकाकांना मोठ्याने वाचून दाखवलं.

“काचेच्या कपाटात?” ट्रॉय म्हणाला. “आणि बघायच्या कुणी?”

“कुणी नाही. जपायच्यात.”

“म्हणजे पुन्हा त्या अकाउंटसारखंच झालं की. नावं दिसणार, सिनेमा लागणार नाही.”

“तू बोलू नकोस. तू त्यांना कचरा म्हणतोस.”

“म्हणतोच. पण मी निदान हलवायचं तरी म्हणतोय, बाई.”

मी वेंडेलकाकांकडे बघितलं. वाटलं, ते तरी माझी बाजू घेतील. त्यांनी एक कव्हर उचललं, चष्मा वर केला आणि बराच वेळ आतली नावं वाचली. एका नावापाशी थांबून म्हणाले, “हा मला अजून एक शर्ट देणं लागतो.” मग कव्हर माझ्यापुढे सरकवलं. “तुझ्या बाबांच्या नावाखाली चार ओळी रिकाम्या आहेत, ब्रिटा. त्या कुणासाठी ठेवतेस?”

मी पेन उचललं आणि वरच्या ओळी खोडल्या.

म्हणून कलम चार आता असं: सगळ्या डिस्क परवा माझ्याबरोबर ‘एडना’वर येतील. ज्यांची कव्हरं मी घालवली त्या एकशेएकाहत्तर डिस्कसाठी मी साधे कागद कापून ठेवलेत. ज्याला जी हवी ती त्याने न्यावी, बघावी, नाव लिहावं, पुढच्या बोटीला द्यावी. परत आणून द्यायची गरज नाही. ओरखडे पडले, हरवल्या, तरी कुणी कुणाला जबाबदार धरू नये.

मी मरेन तेव्हा यातली एकही डिस्क माझ्या घरात सापडू नये, ही माझी शेवटची इच्छा. सापडलीच, तर मी काम नीट केलं नाही असं समजून ट्रॉयने ती स्वतः बंदरावर नेऊन द्यावी.

सही: ब्रिटा कोस्की
डुलुथ, १९ मार्च २०२५

ब्रिटाने आमच्यासमोर वाचून सही केली. खोडलेल्या ओळी तिने स्वतःच खोडल्या. शेजारी आमच्या दोघांच्या छोट्या सह्या आहेत.

साक्षीदार:
वेंडेल प्रूइट, निवृत्त बोट-स्वयंपाकी
लोइस हॅगन, शेजारीण