डावीकडचे टायर

मुलुंड, रविवार संध्याकाळ

बाबांच्या गाडीला आज नवे टायर घातले. जुने काढून ठेवले तेव्हा दिसलं, डावीकडच्या दोन्ही टायरांच्या कडा फूटपाथला घासून खरवडून निघाल्यात. उजवीकडचे मात्र स्वच्छ. बाबांना डावीकडचं कमी दिसतं, हे मला ठाऊक होतं का? बहुतेक होतं. विचारायचा धीर नव्हता.

बाबांना रस्ता घट्ट धरणारे, वेगाचे टायर हवे होते. "स्पोर्टी गाडी आहे, बैलगाडी नाही!" मला बाराही महिने चालणारे, पावसात न घसरणारे साधे हवे होते. आमचं काही जमेना. शेवटी दुकानदाराने विचारलं, "काका, गाडी चालवतं कोण?"

बाबा तोंड उघडणार, तोच मी म्हणाले, "मी."

साफ खोटं. त्या गाडीला मी वर्षभर हात लावलेला नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या खरवडलेल्या कडांकडे. वाटलं, आता भडकणार. "मग हिला हवे ते घाला," एवढंच म्हणाले.

चारचौघांत त्यांची गाडी काढून घेतली मी. घरी बोलता आलं असतं. पण घरी मी कधी बोलले असते?

निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, शेजारी बसले, पट्टा लावला. आमच्या गल्लीत वळताना हळूच म्हणाले, "डावीकडे तूच बघ गं. मला तिकडचं दिसत नाही."