खुर्चीजवळचं बटण

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
४ ऑगस्ट २०२४

ती. आप्पाजींना,
निधीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं बरं आहे म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्रच लिहितेय. आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे कायमचे राहायला आलात आणि महिना व्हायच्या आत निपाणीला परत गेलात. श्रीरंग म्हणतो, हवा मानवली नसेल. मला नाही पटत. सून म्हणून माझंच काहीतरी चुकलं, असं सारखं मनात येतं. जेवणावरची वासनाच गेलीय हो.

टीव्हीचा त्रास झाला का? आम्हाला होम थिएटरचा दणका आवडतो, पण तुम्ही हॉलमध्ये आलात की मी लगेच आवाज कमी करायचे. तरी तुम्ही थोड्या वेळात उठून खोलीत जायचात. रागावला असाल तर सरळ रागवा, पण असे गप्प राहू नका.

लेकीवर करावी तेवढी माया माझ्यावरही असू द्या.
तुमची,
निधी

निपाणी
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. निधीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. अगं वेडाबाई, तुझं काहीएक चुकलेलं नाही. तुझी थालिपीठं आठवत इथं खानावळीची भाकरी चावतोय.

खरं सांगतो. मला कमी ऐकू येतं. सगळी नोकरी बस डेपोत इंजिनांखाली गेली, कान तिथंच राहिले. फोनवरचंही निम्मं कळत नाही, म्हणून बरं म्हणून मोकळा होतो. सिनेमाला तुम्ही हसायचात, मी तुमची तोंडं बघून मागनं हसायचो. त्यात मी येऊन बसलो की तू आवाज कमी करायचीस. मला वाटलं, म्हातारा आला की पोरांचा विरस होतो. मग कशाला अडचण व्हायचं, म्हणून निघालो. श्रीरंगला सांग, पण स्वल्पच सांग. फार विचारत बसेल.

राग नाही, हे पुन्हा लिहितो. सुखात राहा.
आप्पाजी

बेंगळुरू
१ सप्टेंबर २०२४

ती. आप्पाजींना,
शि. सा. न. वि. वि.

आधी रडले, मग हसले, मग तुमचा जाम राग आला! मान राखायचा म्हणून मी आवाज कमी करतेय, आणि तुम्ही मान राखून गप्प बसताय. काय म्हणावं आपल्याला! पण जीव भांड्यात पडला, आप्पाजी.

श्रीरंगला सगळंच सांगितलं, सॉरी. त्याने त्याच दिवशी आवाज वाढवून पाहिला, तर रिसीव्हर, म्हणजे टीव्हीखालचा तो काळा डबा, तापून बंद पडायला लागला. सगळ्या स्पीकरांना तो एकटाच ताकद पुरवतो, त्याला एवढं झेपेना. मग बाहेरून वेगळा ॲम्प्लिफायर जोडला. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, त्याचा भार आता याच्यावर. आधी रिसीव्हर चालू करायचा, मग ॲम्प्लिफायर. तुमच्या लेकाने अर्थातच उलटं केलं. असा धप्प आवाज झाला की खालच्या श्यामलाअक्का कपाट पडलं समजून धावत वर आल्या!

लांब वायर ओढून हा ॲम्प्लिफायर तुमच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवलाय. त्याला स्वतःचं बटण आहे. ते फिरवलं की बोलणं मोठं होतं, बाकीचा दणका आहे तेवढाच राहतो. कानाच्या डॉक्टरांची वेळही घेतलीय, तिथे नाही म्हणायचं नाही. खुर्ची रिकामी बघवत नाही. याल ना?

वाट बघणारी,
निधी

निपाणी
८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. निधीस,
अनेक आशीर्वाद.

सरी, ठीक आहे, येतो. राहायलाच येतो. घराची किल्ली शेजारच्या दामोदरकडे दिली, दूधवाल्याला बंद सांगितलं. डॉक्टरलाही दाखवू. माझी अट एकच, मी हॉलमध्ये आलो की आवाज कमी करायचा नाही आणि मी बटण फिरवलं की दचकून उठायचंही नाही.

एक लिहायचं राहिलं होतं. तुझ्या सासूबाई मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायच्या. मला वाटायचं, बाईला सवयच आहे. चिडायचोसुद्धा. ती गेली आणि घरात कुणी काही दोनदा सांगेना, तेव्हा कळलं, तिला सगळं ठाऊक होतं. तिने कधी बोलून दाखवलं नाही. मी आपण होऊन सांगितलं ते फक्त तुला. फार हलकं वाटतंय, पोरी.

माया आहेच, ती चढतीच राहो.
तुझा,
आप्पाजी