धुऱ्यावरची तूर

नागपूर, ४ ऑगस्ट २०२४

चि. गोपिकास,
अनेक आशीर्वाद. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा कागद धरला. तुझ्या तणनाशकाचं उत्तर सोपं आहे. डब्यावर ‘रुंद पानांच्या तणासाठी’ असं लिहिलंय ना? मग धान एकदल, त्याच्या पानाच्या शिरा समांतर. त्याला धक्का लागणार नाही. जाळीदार शिरांचं द्विदल तण तेवढं मरेल. लहानपणी मी पानं घेऊन शिकवायला बसले की पळायचीस, त्याची ही शिक्षा! बिनधास्त फवार. लोभ आहेच, तो वाढव.
तुझी यमुताई

उमरेड, २१ ऑगस्ट

ती. यमुताईस,
शि. सा. न. वि. वि. तण जळालं, धान हिरवंगार आहे. पण बांधीच्या कडेला, धुऱ्यावरही तण माजलं होतं, म्हणून तिथंही फवारलं. धुऱ्यावरच्या तुरीनं माना टाकल्या, आठवड्यात वाळली. तुझं पत्र मी दोनदा वाचलं होतं वं, त्यात तुरीचं काहीच नव्हतं.

आईच्या लाल तुरीचं बी होतं ते. ती राखेत घालून मडक्यात जपायची, तसंच मीही जपलं. यंदा मडकं झटकून सगळं पेरलं. हे म्हणतात, बाजारात तूर नाही काय, काहून रडून राहिली? दर शिमग्याला तुला पाठवते त्यातली अख्खी उरली असेल तर मूठभर धाड. तुझ्यावर राग नाही. माया असू दे.
तुझी गोपिका

नागपूर, १२ सप्टेंबर

चि. गोपिकास,
अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली तूर मी दर वर्षी इतवारीत भरडून आणते. सगळे डबे पालथे घातले, नुसती डाळ. मग कपाटात शाळेतली एक बाटली सापडली. मुलींना दाखवायला आईकडूनच नेलेली लाल तूर, वीस दाणे. ओल्या फडक्यात बांधून पंधरा दिवस वाट पाहिली. दाणे फुगले आणि कुजले.

तीस वर्षं मी तुरीचाच दाणा सोलून दोन दलं दाखवली. तू विचारलंस तेव्हा मात्र फक्त धान बघितलं. त्या धुऱ्यावर शेंगा खात आपण मोठ्या झालो, आणि मला धुरा आठवला नाही. फार वाईट वाटतं गं. ही खंत आता जायची नाही.

पुढल्या वर्षी फवारू नकोस. तण निंदायला मी येते, गुडघे दुखले तर दुखू देत. रिकामी बाटली फेकवत नाही. तिच्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे: ‘तूर. द्विदल.’
जमलं तर पूर्वीसारखीच माया ठेव,
तुझी यमुताई