पडद्यावरची रेघ

४ जानेवारी

मिळाला! एकदाचा स्कोप मिळाला!

विजेची लहर पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. इतकी वर्षं साध्या मीटरवर भागवलं. मीटर नुसता आकडा सांगतो, आत काय चाललंय ते त्याच्या बापाला कळत नाही. नव्या स्कोपची किंमत विचारायलाही दुकानात जायची सोय नाही. मग आमच्यासारख्या हौशी लोकांनी जुन्यावर टपून बसायचं — कारखाने बंद पडतात तेव्हा, कॉलेजं मोडीत काढतात तेव्हा, नाहीतर माणसं जातात तेव्हा. हा तिसऱ्या प्रकारातला.

पत्ता सुट्या भागांच्या दुकानदारानं दिला. "बाईंचे मिस्टर गेले. तुमच्यासारखेच, रिपेअरिंगचं वेड. लवकर जा, नाहीतर कुणीतरी उचलेल." दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, जिन्यात सायकल. बाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. स्कोप टेबलावर लावूनच ठेवला होता. हिरवी रेघ — बारीक, सरळ, ठणठणीत! घासाघीस करायची तयारी करून गेलो होतो, पण तोंडच उघडलं नाही. बाईंनी स्वतः वायर काढली, गुंडाळली, दोरीनं बांधून दिली.

"ह्यांना वायर लोंबलेली चालायची नाही," म्हणाल्या.

५ जानेवारी

माझा गुडघा वाकत नाही, म्हणून हिनं टेबलामागे शिरून प्लग लावला. "हौस तुमची आणि कंबर माझी!" बोलली, पण लावला.

एक गोष्ट खटकली. स्कोप बंद केला तरी रेघ दिसते. मधोमध, आडवी, तपकिरी. पडदा जळलाय तिथं. एकाच जागी रेघ फार वेळ राहिली की असं होतं. स्कोप वापरणारा माणूस असं होऊ देत नाही — हात बाजूला घेतला की उजेड कमी करायचा, ही सवयच असते. आणि हा माणूस तर वायरसुद्धा लोंबू द्यायचा नाही!

९ जानेवारी

पत्र्याला हात लागला की झिणझिण्या. अगदी हलक्या. बोटांच्या पाठीवर. कुणीतरी हात हातात घ्यायला बघतंय, तसं. जुन्या यंत्रांना असतं थोडंफार, रबरी चपला घालून बसायचं, झालं.

हिला म्हटलं, हात लावून बघ. लावला आणि झटकन मागे घेतला. "परत देऊन या. ज्याचं होतं त्याला सुटत नाहीये ते."

हसलो. ती आत गेल्यावर पुन्हा हात लावला. या खेपेला हसू आलं नाही.

११ जानेवारी

बंद पडद्यातली रेघ बघत बसलो. चहा गार झाला.

१३ जानेवारी

प्रोबचा, म्हणजे स्कोपच्या तपासायच्या वायरीचा, चिमटा बाईंकडेच राहिला होता, तो आणायला गेलो. लगेच सापडला. प्रत्येक वस्तू डबीत, डबीवर चिठ्ठी. चहा झाला. राहवलं नाही, रेघेबद्दल विचारलं.

बाई कपाकडे बघून बोलत होत्या. "माझी दुपारची पाळी असते. परत आले तेव्हा हे टेबलापाशी खाली पडलेले. समोर कुठलासा जुना टीव्ही उघडलेला. मशीन चालूच. रेघ तशीच. शेजारी धावत आले, त्यांनी मेन स्विच पाडला, तो नंतर कुणी वर केला कोण जाणे. मशीन दुसऱ्या दिवशीपर्यंत चालू. कुणाला सुचलंच नाही बंद करायचं."

डॉक्टर म्हणाले, हार्ट.

"सकाळी मी फार बोलले होते त्यांना. ही जागा घेतल्यापासून हे नुसते कुरकुरायचे, माझा संयम सुटला. म्हणाले, छातीत धडधडतंय. मी म्हटलं, नाटकं करू नका." मग एकदम वर बघून म्हणाल्या, "माझ्या बोलण्यानं गेले ते, दादा."

नाही हो ताई, असं नसतं — एवढंच म्हणता आलं. माझे मलाच ते शब्द पोकळ वाटले. चिमटा खिशात घालून उठलो.

१४ जानेवारी

आज झिणझिण्या जास्त. की मीच हात जास्त वेळ ठेवला?

१६ जानेवारी

आज थोडक्यात वाचलो. अक्षर बघा!

शेजाऱ्यांचा जुना टीव्ही दुरुस्तीला घेतला होता. टेबलावर आडवा घातला, मागचं झाकण काढलं, स्कोपचा चिमटा हातात घेतला. टीव्हीची वायर बोर्डापर्यंत पुरेना, म्हणून टेबल पुढे ओढलं. गुडघ्याला शिव्या घालत वाकलो, आणि स्कोपचा प्लग पहिल्यांदा नीट दिसला. त्याला दोनच पिना! तिसरी, अर्थिंगची जाड पिन, कापलेली. करवतीनं कापून वर कानस मारून गुळगुळीत केलेली.

गळणारी वीज त्या पिनेतून जमिनीत जाते. ती नसली की पत्र्यावर बसून राहते. झिणझिण्या त्याच्या! आणि अशा जुन्या टीव्हीच्या सांगाड्यात भिंतीतला करंट सरळ उतरलेला असू शकतो. त्याला चिमटा लावला की अख्ख्या स्कोपात करंट. पिन शाबूत असती तर फ्यूज उडाला असता, काम तिथंच थांबलं असतं. आमच्यातले काही अतिशहाणे तेवढ्यासाठीच ही पिन कापतात. त्यानंही तेच केलं असणार.

आणि मी चिमटा हातात धरून उभा!

खाली बसलो. मग एकदम लख्ख कळलं — हार्ट नव्हतंच ते. बाईंच्या बोलण्यानं कुणी मेलेलं नाही!

१७ जानेवारी

नवा प्लग बसवला. झिणझिण्या गेल्या. खरं सांगायचं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. रेघ मात्र आहेच.

सुट्टीच्या दिवशी बाईंना सांगायला जाणार. आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं. ही दारातून ऐकत होती. "सर्किट समजावत बसू नका. 'तुमच्यामुळे नाही', एवढं आधी म्हणा. बाकी मग." बरोबर आहे तिचं. तिचं बहुतेक बरोबरच असतं, फक्त तिला कळू द्यायचं नसतं.

१९ जानेवारी

जाऊन आलो.

बसल्याबसल्या जुना प्लग खिशातून काढून टेबलावर ठेवला. 'तुमच्यामुळे' एवढं तोंडातून निघालं असेल, तोच बाईंचा चेहरा फुलला. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना.

"अय्या, हा काढलात तुम्ही? दादा, हा मी केलाय!"

मी प्लगवरची कापलेली जागा बघितली.

"आमच्या बोर्डाला बघा ना, दोनच भोकं. ह्यांचा तीन पिनांचा. तेच तर भांडण! 'या घरात माझा प्लगसुद्धा बसत नाही' म्हणाले. मी वाट्टेल ते बोलून बसले. मग माझंच मला लागलं. कामावर निघायच्या आधी त्यांचीच करवत घेतली, ती जास्तीची पिन कापली, कानसही मारली. त्यांच्या हातात दिला. नुसते बघत राहिले हो! मग म्हणाले, 'वा! आता बसेल की!' माझ्यासमोरच लावला. मशीन चालू करून रेघ दाखवली मला. डोक्यावर हात ठेवला." पदर डोळ्यांना लावला, पण हसतच होत्या. "जाताना रागात नव्हते ते, दादा. तेवढ्यावर जगतेय मी."

मग विचारलं, "तुम्ही काय सांगत होतात?"

"तुमच्यामुळे चांगलं यंत्र मिळालं," म्हटलं.

प्लग त्यांनी मागून घेतला. पुसला, आणि कपाटात फोटोपाशी ठेवला.

२१ जानेवारी

आज पुन्हा बंद पडद्यासमोर बसलो. डबीडबीवर चिठ्ठी लावणारा माणूस. प्लग हातात घेऊन नुसता बघत राहिला होता म्हणे. त्याला कळलं होतं! कळलं होतं, तरी 'वा' म्हणाला, आणि तिच्यासमोर लावला.