कृष्णातचा पटका

ता. २२ एप्रिल १९०८, बुधवार

आज तळ पडला. मलकापूरच्या पुढं, डोंगरातल्या रानात. कोल्हापूरच्या बोर्डिंगातली अकरा पोरं, त्यांचे तालीम मास्तर म्हणजे आमचे हे — आणि भाकरी बडवायला मी! सुट्टीभर पोरांनी पोहायचं, कडे चढायचे, रान तुडवायचं. शाळा उघडेपर्यंत पोराचा बाप्या झाला पाहिजे, असं हे म्हणतात. मला बाई करायला एक दुपार पुरली. अक्षता पडल्या, झालं.

पोरं मला काकू म्हणतात. मी सोळाची. त्यांतला एक अठराचा आहे!

अकरांत आमचा कृष्णातही आहे. माझ्या पाठचा भाऊ.

ता. २४

कृष्णात आज डोहात पोहला. मी काठावर भांडी घासत होते.

ता. २९

माहेरी मुरगूडला आम्ही एकाच वर्गात बसायचो. त्याची गणितं मीच सोडवून द्यायची. आबांनी मला शाळेतून काढलं आणि त्याला कोल्हापूरला धाडलं. आज कडा चढून आला नि मला म्हणतो, "आक्का, वरनं पार कोकण दिसतंय. तुला सांगून कळायचं न्हाय." त्याच्या पिठल्यात मी मीठ घातलंच नाही. हलकटपणा आहे, ठाऊक आहे. पण बरं वाटलं!

ता. ४ मे

सरपणाला खालच्या वाडीतल्या बयाबाईबरोबर जाते. गवे कुठून उतरतात, कुठल्या ओढ्याकाठानं गेलं की सडक लागते, सगळं तिनं दाखवलं. आता एकटीच जाते. हे विचारतही नाहीत. पोरगा रानात गेला की ते धाडस. बाई गेली की ते सरपण.

ता. ९

आज पोरांची परीक्षा होती. एकेकट्यानं रान ओलांडून सडकेवरची धर्मशाळा गाठायची. गाठली तो गडी, त्याला उद्या सगळ्यांसमोर पटका.

मी मोळी बांधत होते तर खालून हुंदके ऐकू आले. कृष्णात! वाट चुकून ओढ्यात दगडावर बसला होता. गुडघे फुटलेले. मला बघून गळ्यातच पडला. किती वर्षांनी! मोळी तिथंच टाकली आणि त्याला सडक दिसेपर्यंत नेलं. तो माझ्या मागं मागं, लहानपणी जत्रेत यायचा तसा.

"आक्का, कुणाला सांगू नगंस."

नाही सांगणार म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

ता. १०

पटके बांधले. कृष्णातला गुलाबी. छाती काढून उभा होता. चुलीपासून मला सगळं दिसत होतं आणि जळफळाट होत होता. ती वाट माझी होती! तरी गप्प होते.

मग हे माझ्याकडं वळले. सगळ्या पोरांदेखत म्हणाले, "बघ तुझा भाऊ. तू असतीस तर पहिल्याच वळणावर रडत बसली असतीस."

पोरं हसली. कृष्णातही हसला. तो हसला नसता तर —

"रडत ह्योच बसलाता. वाट मी दावली."

यांनी त्याला विचारलं, खरं का? त्यानं मान डोलावली. मग स्वतःच पटका सोडला, नीट घडी घातली आणि यांच्या हातात दिला. मला आधी फार आनंद झाला. ते लपवत नाही.

ता. ११

कृष्णात माझ्या हातचं जेवला नाही.

ता. २ जून, कोल्हापूर

पोरांनी गोष्ट गावोगाव नेली. मुरगूडलाही पोचली. आज आबा बोर्डिंगात आले. "भणीच्या मागनं रान वलांडलं, त्यो शिकून काय दिवं लावणार?" यांनी पुष्कळ समजावलं, हातसुद्धा जोडले. आबांनी ऐकलं नाही. शाळेतून कृष्णातचं नाव काढलं. आता शेतात राबेल.

दोघांचीही शाळा सुटली. झाली बरोबरी.