ग्रीनवरची निळी रेषा

मुलुंड पूर्व,
१० फेब्रुवारी २०२६

प्रिय विकी,

सप्रेम जय भीम. आम्ही इकडे मजेत आहोत. सुयोगला सर्दी झालीय आणि जगात आजवर कुणालाच सर्दी झाली नव्हती अशा थाटात तुझे भाऊजी सोफ्यावर पडून आहेत. शाळेत सराव परीक्षा सुरू झाल्यात. आईला जय भीम सांग, घरात सगळ्यांना सांग. तिची शेंगदाण्याची चटणी संपली. पुढच्या वेळी येताना मोठा डबा आण म्हणावं.

मुलुंडहून घाटकोपर वीस मिनिटांवर, खिशात फोन, आणि ताई पत्र काय लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मेसेज लांबला की अंगठा दाखवून मोकळा होतोस. कागद हातात असला की शेवटपर्यंत वाचावा लागेल.

तर, विषय आपल्या गोल्फ गेमचा.

नोव्हेंबरपासून आपण दर रविवारी दुपारी ऑनलाइन खेळतोय, तू तिकडून, मी इकडून. अट तूच घातलीस. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या त्या तुळतुळीत गवतावर, चेंडू कसा वळत जाईल ते आधीच दाखवणारी ती निळी रेषा दोघांनीही बंद ठेवायची. उताराची जाळीसुद्धा बंद. नुसतं गवत बघायचं, अंदाज बांधायचा आणि पट मारायचा, चेंडू हलकेच होलाकडे ढकलायचा. "खऱ्या मैदानावर कोण रेषा आखून देतं?" असं म्हणाला होतास. मला वाक्य आवडलं. ते तुझं वाटत नव्हतं, पण आवडलं.

डिसेंबर उजाडेपर्यंत तू भयंकर खेळत होतास. हातभर अंतरावरून चुकत होतास. मग एकाएकी तीस-तीस फुटांचे पट होलात पडायला लागले. विकी, तुला उतार कळतो? सोसायटीच्या रॅम्पवर बाइक न्यूट्रलला उभी करून गेला होतास आणि ती पाटलांच्या गाडीवर जाऊन आदळली. तोच माणूस आता ग्रीनचा चढउतार वाचतो म्हणे!

मी सहावी ब ची वर्गशिक्षिका आहे. कॉपी करणारं पोर मला पाठमोरं असलं तरी कळतं. म्हणून मी तुझ्यावर लक्ष ठेवलं. पहिली गोष्ट, पट मारायच्या आधी तू माईक बंद करतोस. ड्राइव्हला नाही, बाकी कुठल्याच फटक्याला नाही, फक्त पटला. दुसरी, तेव्हा अर्धा-अर्धा मिनिट थांबतोस. तू, जो लिफ्टसाठी थांबत नाही. मी विचारलं, तर म्हणालास, "कुकरची शिट्टी होते गं, तुला त्रास नको." दर पटला एक शिट्टी? आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा बाई," आणि लगेच चटणीकडे वळली. आई चटणीकडे वळली की काहीतरी लपवतेय हे नक्की.

सुयोग म्हणाला, "गेम आहे यार, सोड ना. लावली असेल रेषा त्याने." पण मला सोडता येत नाही. हे तुला माहीत आहे. घरात सगळ्यांनाच माहीत आहे.

घरात सगळे म्हणजे कोण? तीन तर माणसं. तू, आई आणि बाबा. लिहिलं बघ शेवटी.

आता परवाच्या रविवारचं. आठवा होल, उजवीकडे तळं. तुझा आणि माझा चेंडू ग्रीनवर जवळजवळ एकाच जागी पडले होते. पाळी तुझी होती. चेंडू डावीकडे वळणार हे मला पक्कं माहीत होतं. कसं, ते पुढे सांगते. माईक बंद. अर्धा मिनिट. आणि तू नेम धरलास होलच्या डाव्या बाजूला, चांगला दोन वीत. म्हणजे चेंडू उजवीकडे, तळ्याकडे ओढला जाईल या हिशेबाने. तो गेला आणखी डावीकडे. माईक चालू करून म्हणालास, "वाट लागली."

रेषा लावलेला माणूस असा चुकत नाही, विकी. आणि तुझ्या मनाने मारला असतास तर तू सरळ मारला असतास. पाण्याकडे चेंडू ओढला जातो हे तुला कुठून कळणार? तू कधी बाबांच्या गोल्फ क्लबात आलाच नाहीस. सोमवारी क्लब साहेबांसाठी बंद असायचा आणि बाबांसारख्या कॅडी लोकांना खेळायची मुभा असायची, तेव्हा डबा घेऊन मी जायचे. बाबा चपला काढून ग्रीनवर चालायचे, तळव्यांनी उतार बघायचे. मग मला सांगायचे, "डोळ्याला काही का दिसेना, इथं चेंडू खाडीकडेच जातो." त्या मैदानावर ते खरं होतं. सगळे कॅडी तसंच मानायचे. पण गेममधल्या तळ्याला कुठली आलीय ओढ! तिथे जेवढा उतार आखलाय तेवढाच. तीस वर्षं साहेबांच्या बॅगा वाहिलेला माणूसच ती चूक करणार.

म्हणजे अर्धा मिनिट तू बाबांना स्क्रीन दाखवत होतास. दोन महिने मी बाबांशी खेळतेय आणि मला कुणी सांगितलं नाही.

रागावणार होते. पण आधी माझं ऐक.

चेंडू डावीकडे वळणार हे मला माहीत होतं, कारण रविवारी मी रेषा लावली होती. पहिल्या होलपासून. तू लबाडी करतोस का हे बघायला लावली, असं मी स्वतःला सांगितलं. ते पहिल्या होलपुरतं खरं होतं. पुढचे सतरा मी जिंकण्यासाठी ठेवली. अठराव्या होलला माझा तो चाळीस फुटांचा पट आधी उजवीकडे वळला, मग डावीकडे, आणि आत पडला. तसा पट कुणालाच वाचता येत नाही. बाबांनाही आला नसता, म्हणून तर त्यांना तेव्हाच कळलं असणार.

त्या वेळी तुझा माईक चालू राहिला होता. तू ओरडलास, "ए ताई, रेषा लावलीस काय गं?" आणि मागून बाबांचा आवाज आला.

"विचारू नको तिला."

मग माईक बंद. परत आलास तेव्हा नुसतं म्हणालास, "छान खेळलीस."

विकी, बाबांचं क्लबातलं काम गेलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, तुला नीट आठवत नसेल. स्पर्धेत बाबा ज्याची बॅग वाहत होते त्या साहेबाचा चेंडू झुडपात गेला होता आणि सापडला तो मोकळ्या गवतावर. दुसऱ्या साहेबाने म्हटलं, कॅडीने पायाने सरकवला. चौकशी नाही, काही नाही, दुसऱ्या दिवशी बाबांचं नाव कॅडींच्या यादीतून काढलं. त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले होते. आईला म्हणाले, "मी हात नाही लावला चेंडूला." मी सतरा वर्षांची, जेवण वाढत होते. मी विचारलं, "आणि पाय?"

ताटावरून उठले ते. तेरा वर्षं झाली. लग्नात डोक्यावर हात ठेवला, समोर आले तर "जेवलीस का" विचारतात, पण त्यापुढे शब्द नाही. मीही हट्टाने यायचं बंद केलं. क्लबाने त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं, विचारणारी मी एकटीच. आणि माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असेल की उत्तर मी आधीच ठरवलंय. मला फार लाज वाटते रे. तेव्हाही वाटली होती, पण ती बोलून दाखवायची लाज त्याहून मोठी होती.

परवा ते मला सहज पकडू शकत होते. त्यांनी तुला गप्प केलं.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. सगळं, ताटाचंसुद्धा. माझ्यासाठी मध्येच आवाज खाली आणू नकोस. येत्या रविवारी गेम लावू नकोस, मी घरी येतेय. त्यांना सांग, त्या चेंडूचं काय झालं ते मला आजही माहीत नाही आणि मी ते विचारायला येत नाहीये. रेषा मी लावली होती, एवढं मला त्यांच्यासमोर बसून सांगायचंय. मग ते जेवलीस का म्हणाले, तर नाही म्हणेन.

रडीचा डाव खेळून जिंकलेली,
बाबांची
चेतना