वाटेत आडवी ये

दर्वला, माझ्या लाडक्या भांडकुदळे,

आईनं तुला लांब ट्रली गावाला धाडलं ते मावशीच्या दुखण्यासाठी नाही, तुझ्या लाल केसांसाठी. शेजारणीला सांगत होती, "चर्चला जाताना नवरीला लालकेशी बाई आडवी आली, तर गाडी माघारी फिरवावी लागते. मग ती माझी पोरगी का असेना!" मला तिचा भयंकर राग आला होता. कालपर्यंत.

काल माझ्या नवरदेवानं, फिन्टननं, माझं मनगट असं पिरगळलं, की लग्नाच्या झग्याला लांब बाह्या लावून घ्याव्या लागल्या. आईनं वळ बघितले आणि म्हणाली, "लग्नाआधी पुरुष बावचळतातच गं." मग उद्या लग्नाला ऊन पडावं म्हणून बाळ येशूची मूर्ती कुंपणाखाली ठेवायला निघून गेली.

माझं 'नाही' इथं कुणी ऐकत नाही. पण तुझ्या केसांना अख्खं गाव घाबरतं. तू ये. चर्चच्या वळणावर डोक्यावरचा रुमाल काढून नुसती उभी राहा.

पण हे पत्र टाकू कुठं? गावातलं पोस्ट तर आईच चालवते.

उद्या गाडीतून मी प्रत्येक वळणावर तुझे केस शोधत राहीन.

तुझी,
इमर